ठाण्यातलं जांभळी नाक्याजवळचं तबला दुरुस्तीचं दुकान

गणपतीत वर्तकनगरच्या एका सोसायटीत भावगीतांचा कार्यक्रम होता. रिक्षातून जाताना पावसाची झड आत आली, पिशवी भिजली आणि माझ्या काळी एक या सुराच्या दायाँची (उजव्या हाताच्या तबल्याची) शाई, म्हणजे मधला काळा गोल, एका बाजूने सुटली. 'ना' हा बोल वाजवला की नुसती खरखर. त्या दिवशी मित्राच्या तबल्यावर निभावलं, पण पुढचा कार्यक्रम चारच दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर या दुकानात गेलो. काकांनी तबला कानाशी धरून बोटाने एकदाच वाजवला आणि म्हणाले, "शाई भरून देईन, पण वादीपण थकलीय. पुडीच बदला." वादी म्हणजे चामडं ताणून धरणारी पट्टी, पुडी म्हणजे तबल्यावरचं चामडं. आधी मला वाटलं, खर्च वाढवतायत. मग त्यांनी किनारीवर आलेली चीर दाखवली, ती मला इतके महिने दिसलीच नव्हती.

नऊशे रुपये घेतले, तिसऱ्या दिवशी तबला दिला. सोळाही घरं (काठाभोवतीच्या सूर लावायच्या जागा) एका सुरात, आणि चाटीचा, म्हणजे किनारीचा, आवाज किती मोकळा! नवी पुडी रियाजाने बसेपर्यंत उतरते, रोज थोडी ठोकून घ्या, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. एसी हॉलमध्ये सूर चढतो म्हणून अर्धा तास आधी जाऊन तबला उघडा ठेवायलाही सांगितलं. तसं केलं आणि मध्यंतरापर्यंत हातोडी उचलावी लागली नाही.

जागा अगदी अरुंद आहे, फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सातच्या आत जा. डग्गाही (डाव्या हाताचा) आता त्यांच्याकडेच देणार आहे.