रुग्ण पुढे कुठे पाठवायचा? जनआरोग्य योजना, धर्मादाय खाट आणि सरकारी रुग्णालय: फॅमिली डॉक्टरांसाठी तुलना

मोठ्या आजाराचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक स्पेशालिस्टकडून थेट ॲडमिट व्हायला जात नाहीत. बहुतेक वेळा ते आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे परत येतात आणि विचारतात, "डॉक्टर, आता कुठं जाऊ? एवढे पैसे कुठून आणू?" पुढचे दोन-तीन महिने त्या घराचे काय होणार, हे त्या उत्तरावर बरेच अवलंबून असते. मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आलेली माणसे रोज माझ्या टेबलापुढे बसतात. चुकीच्या दारात गेलेल्या रुग्णाचे पहिले दोन दिवस कसे वाया जातात ते मी जवळून पाहते, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या काही वर्षांत नियम बरेच बदलले, पण डॉक्टरांच्या डोक्यात अनेकदा जुनेच चित्र असते: जनआरोग्य योजना म्हणजे पिवळे-केशरी रेशनकार्ड आणि दीड लाख रुपये. हे चित्र आता पुसायला हवे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत झाले. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतले ज्येष्ठांसाठीचे उपचार कार्ड, मिळू लागले.

आधी तातडी, मग योजना

छातीत दुखतेय, अर्धांगवायूचा झटका, साप चावला, प्रसूतीत रक्तस्राव: अशा वेळी योजनेचा विचार करायचा नाही. १०८ बोलवायची आणि ज्या सर्वांत जवळच्या ठिकाणी ते उपचार खरोखर होतात तिथे पाठवायचे. धर्मादाय रुग्णालयांच्या, म्हणजे सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या रुग्णालयांच्या, योजनेतही हेच बंधन आहे. तातडीचा रुग्ण लगेच दाखल करून घ्यायचा, तो स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि त्यासाठी अनामत रक्कम अडवून धरायची नाही. जनआरोग्य योजनेतही तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. नातेवाईकांना एवढेच सांगा: "पोचल्या पोचल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचे काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, आणि एक माणूस घरी पाठवून रेशनकार्ड आणि आधार मागवा."

खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः हाताशी चार-आठ दिवस असलेल्या रुग्णांसाठी आहे.

जनआरोग्य योजना: ठरलेल्या ऑपरेशनसाठी पहिली पसंती

अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, केमो, रेडिएशन, मूत्रखड्यांवरचे उपचार, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग यांतले काही असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: आधी ही योजना बघा. ही कॅशलेस आहे, आजार जुना असला तरी पहिल्या दिवसापासून चालते, आणि ५ लाखांची मर्यादा सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. लागले तर एकट्या माणसालाही ती पूर्ण वापरता येते. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची रक्कम या विस्तारात अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. पांढरे कार्ड असलेलेही आता यात आहेत. चंदगड, गडहिंग्लज भागात दवाखाना असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांतल्या कुटुंबांनाही योजनेत घेतले आहे. सीमेपलीकडून येणारा रुग्ण "आम्हाला कुठली योजना?" म्हणत असेल, तर त्याला ही वाट दाखवा.

गोची होते ती दोन-तीन ठिकाणी. एक म्हणजे रुग्णालय योजनेत असते ते त्या-त्या विभागासाठी. हृदयाच्या उपचारांसाठी संलग्न असलेले रुग्णालय हाडांसाठी असेलच असे नाही. दारावरची पाटी बघून लोक आत जातात, आणि मांडीचे हाड मोडलेल्या आजोबांना "हे इथे योजनेत होत नाही" असे ऐकावे लागते. म्हणून फोन करून विचारा, आणि तो प्रश्न "योजना आहे का?" असा न विचारता "या आजाराच्या या उपचारासाठी योजना आहे का?" असा विचारा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर ही माहिती मिळते.

दुसरी अडचण उपचारांच्या यादीची. योजना ठरलेल्या पॅकेजवर, म्हणजे यादीतल्या उपचारांवर आणि त्यांच्या ठरलेल्या रकमांवर, चालते. पॅकेज नसेल तर पैसेही नाहीत. ओपीडीतली औषधे, नुसत्या निदानासाठीच्या तपासण्या यांना ती उपयोगी नाही, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खासगी रुग्णालय योजनेत करू शकत नाही. रुग्णाला खासगीत पाठवण्याआधी हे तपासायला पाच मिनिटे लागतात.

तिसरी अडचण सर्वांत किरकोळ दिसते आणि सर्वांत जास्त रडवते. आधारवर "सुनिता", रेशनकार्डावर "सुनीता". लग्नानंतर नाव बदलले, पण कार्डावर माहेरचेच राहिले. नवजात बाळाचे नाव तर कार्डावर असणारच नाही. तिथे जन्मदाखला आणि आईवडिलांचे कार्ड लागते. हे सगळे सुटते, पण त्यात वेळ जातो. त्या वेळात नातेवाईक घाबरून "रोख भरतो, सुरू करा" म्हणतात. रोख भरलेले पैसे योजना नंतर परत देत नाही. हे त्यांना तुमच्या दवाखान्यातच ठामपणे सांगायला हवे.

धर्मादाय खाट: सर्वांत कमी वापरलेला हक्क

याच्याबद्दल मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीत याचा उल्लेख मला फार क्वचित दिसतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. मुंबईतली जसलोक, लीलावती, हिंदुजा, पुण्यातली रुबी हॉल, केईएम ही धर्मादाय न्यासांची रुग्णालये आहेत. नावावरून फसू नका: पुण्याचे केईएम न्यासाचे आहे, मुंबईचे महापालिकेचे.

उत्पन्नाची अट मात्र इथे आहे, आणि जनआरोग्य योजनेपेक्षा हा मोठा फरक आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. महिन्याच्या हिशेबात हे १५ हजार आणि ३० हजार होतात. म्हणजे घरात एकटाच कमावता माणूस वॉचमनच्या नोकरीत १६ हजार मिळवत असेल, तर तो निर्धन गटातून बाहेर आणि दुर्बल गटात आत. त्याला "सगळे फुकट होईल" असे सांगून पाठवले, तर तिथे गेल्यावर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. निर्धन रुग्णाला खाट, शुश्रूषा, नेहमीच्या तपासण्या मोफत. औषधे आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला धरून निधीतून वळते होतात. दुर्बल गटातल्या रुग्णाला सवलतीचे बिल येते आणि औषधांचा किमान निम्मा खर्च त्याला करावा लागतो. हे दोन वेगळे आकडे आहेत. नातेवाईकांना ते आधीच माहीत असले की ते पैशांची सोय शांतपणे करतात.

मग धर्मादाय खाट कुणासाठी? जिथे पॅकेज नाही किंवा पॅकेज पुरत नाही, त्यांच्यासाठी. न्यूमोनियानंतर लांबलेला व्हेंटिलेटर, निदानच पक्के न झालेला ताप, अनेक तज्ज्ञ एकाच वेळी लागणारा गुंतागुंतीचा रुग्ण. काही रुग्णालये दोन्हींत असतात. तिथे आधी जनआरोग्यची मंजुरी बघायची आणि ती नाकारली गेली तर त्याच दिवशी समाजसेवा विभागात धर्मादायचा अर्ज द्यायचा. आठवडाभर थांबून, बिल दोन लाखांवर गेल्यावर अर्ज आला तर आमचेही हात बांधलेले असतात.

"खाट शिल्लक नाही" किंवा "या महिन्याचा निधी संपला" हे उत्तर रुग्णांना अनेकदा मिळते. कधी ते खरे असते, कधी नसते. रुग्णाने ते उत्तर लेखी मागावे आणि धर्मादाय सह आयुक्तांच्या किंवा जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी. फॅमिली डॉक्टरने स्वतः समाजसेवा विभागाला एक फोन केला, तर मात्र यातले बरेचसे तक्रारीपर्यंत जातच नाही. त्या फोनची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार जास्त आहे.

सरकारी रुग्णालय: पण कुठल्या सरकारचे?

"सरकारीत जा" म्हणणे पुरेसे नाही. पुण्याचेच उदाहरण घ्या. औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे आणि कमला नेहरू महापालिकेचे. ऑगस्ट २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय पहिल्या गटासाठी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नाममात्र का होईना शुल्क असते, पण सुपरस्पेशालिटी तज्ज्ञही तिथेच असतात. हर्निया, प्रसूती, मोतीबिंदू यांसाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. मेंदूतली गाठ असेल तर वैद्यकीय महाविद्यालय. ही निवड गर्दी बघून करू नका, काम बघून करा.

बीपी आणि साखरेच्या रुग्णांचा तर विचारच वेगळा करायला हवा. ज्याला महिन्याची औषधे परवडत नाहीत तो गोळ्या एक दिवसाआड घेतो आणि तुम्हाला सांगत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरात 'आपला दवाखाना' या सरकारी दवाखान्यात त्याला या गोळ्या मोफत मिळतात. रुग्ण तुमच्याकडेच राहील, तपासायला तुमच्याकडेच येईल. गोळ्या तिथून आणेल. यात तुमचे काही जात नाही, पण त्याची किडनी वाचू शकते.

क्षयरोगाचेही तसेच. खासगी डॉक्टरने क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर नोंद झाली की रुग्णाला सरकारी औषधे मिळतात, आणि पोषणासाठीची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे. रुग्णाला तुमच्यापासून तोडायची गरज नाही. थुंकीचा नमुना सरकारी केंद्रात जनुकीय तपासणीला पाठवा. औषधाला दाद न देणारा क्षय असेल तर तो लवकर कळतो.

लहान मुलाच्या छातीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आला, टाळू फाटलेला दिसला, बोलायला उशीर होतोय असे वाटले, तर खासगी कार्डिओलॉजिस्टच्या आधी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीचा (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राचा) विचार करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात.

चिठ्ठीत काय असावे

"पुढील उपचारासाठी पाठवत आहे" एवढ्याच ओळीची चिठ्ठी आली की समोरच्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते आणि मंजुरीचा अर्ज एक दिवस मागे पडतो. निदान स्पष्ट लिहा. कधीपासून त्रास आहे, कुठल्या तारखेला कुठली तपासणी झाली, कुठली औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे ते लिहा. अँजिओग्राफी बाहेर झाली असेल तर अहवालासोबत सीडीही द्यायला सांगा. तातडीत पाठवत असाल तर वेळ, नाडी, रक्तदाब आणि दवाखान्यात दिलेले औषध मात्रेसह नोंदवा. खाली तुमचा मोबाईल नंबर. कुटुंबाची परिस्थिती माहीत असेल तर एक ओळ तीही लिहा: "केशरी कार्ड, एकटा कमावता." त्या ओळीवरून मला लगेच कळते की कुठला अर्ज काढायचा.

मुख्यमंत्री सहायता निधी हा मी शेवटचा पर्याय मानते. योजना आणि धर्मादाय दोन्ही लागू होत नसतील तेव्हाच. त्याला खर्चाचे अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि रुग्ण दाखल असतानाच अर्ज करावा लागतो. घरी गेल्यावर बिल दाखवून मदत मिळत नाही.

एक काम मात्र कुणी आजारी पडायच्या आधीच करण्यासारखे आहे. तुमच्याकडे येणाऱ्या सत्तरीपुढच्या प्रत्येकाला वय वंदना कार्ड काढले का, ते विचारा. निवृत्त शिक्षक, पेन्शनर, फ्लॅटमालक, सगळ्यांना विचारा. त्यांना वाटते हे गरिबांसाठी आहे आणि ते जातच नाहीत. कुटुंब आधीच आयुष्मान भारत योजनेत असेल तर ज्येष्ठांना वरचे ५ लाख वेगळे मिळतात. खासगी विमा असला तरी चालतो. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) आरोग्य योजना असेल तर दोन्हींतले एक निवडावे लागते. वय आधारवरूनच धरले जाते. अनेकांच्या बोटांचे ठसे या वयात उमटत नाहीत, तिथे मोबाईलवरचा ओटीपी चालतो. तेव्हा आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का, हे मुलाला किंवा नातवाला आधी बघायला सांगा.