प्रशिक्षकाच्या कॉलरवर रोड वायरलेस गो टू

सामना हरल्यावर प्रशिक्षक दहा मिनिटं बोलतो आणि रात्री मोबाइलवर फिरते ती बारा सेकंदांची क्लिप. अनिल कुंबळे यांनी जून २०१७ मध्ये भारतीय संघाचं प्रशिक्षकपद सोडताना आपलं निवेदन स्वतःच सोशल मीडियावर टाकलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं पूर्ण वाचायला मिळालं. तोंडी बोलण्याला तशी सोय हवी असेल, तर रोड वायरलेस गो टू हा बिनतारी माइक घेण्याजोगा आहे.

यात दोन ट्रान्समीटर, म्हणजे कॉलरला लावायचे माइक असलेले छोटे चौकोन, आणि आवाज पकडणारा एक रिसीव्हर, जो कॅमेऱ्याला किंवा फोनला जोडायचा. कंपनी २०० मीटरची रेंज सांगते, पण ती मधे काही आडवं नसताना. प्रशिक्षकानं पाठ फिरवली की २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अंगालाच अडतो, आणि वाय-फाय, ब्लूटूथची गर्दीही त्याच पट्ट्यात. त्यामुळे रेंज बघून नको, आतल्या मेमरीसाठी घ्या: प्रत्येक ट्रान्समीटर कॉम्प्रेस्ड स्वरूपात ४० तासांहून जास्त आवाज साठवतो. कंपनीच्या रोड सेंट्रल अ‍ॅपमध्ये हे आतलं रेकॉर्डिंग कायम चालू करून ठेवा. मेमरी भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणून त्याच रात्री ट्रान्समीटर संगणकाला जोडून फाइल काढा आणि तारीख घालून ठेवा. कुणी अर्धवट वाक्य छापलं, तर मागचा-पुढचा भाग लगेच देता येतो.

धोकाही इथेच. रिसीव्हर बंद केला तरी ट्रान्समीटर रेकॉर्ड करत राहतो. ड्रेसिंग रूममध्ये शिरण्यापूर्वी तो बंद करून काढून ठेवायलाच हवा. खेळाडूंशी तिथे झालेलं बोलणं बाहेर गेलं, तर प्रशिक्षकावरचा विश्वास तुटतो. फाइल कुणाकडे राहणार, हेही आधीच ठरवा.

माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावा. शिट्टीची दोरी गळ्यातून काढा, नाहीतर प्रत्येक हालचालीला खटखट येते. जॅकेटची चेनही घासते. मोकळ्या मैदानावर सोबतची केसाळ टोपी बसवल्याशिवाय वारा आवरत नाही. ट्रान्समीटरचा काळा चौकोन प्रायोजकाच्या लोगोवर येत असेल, तर ३.५ मिमी जॅकमध्ये छोटा कॉलर माइक जोडून तो खिशात ठेवा.

बॅटरी ७ तासांपर्यंत चालते. सराव आणि पत्रकार परिषद एकाच दिवशी असेल, तर मधे चार्जिंग लागेल. फोनला जोडायची केबल वेगळी घ्यावी लागते, ती माइकसोबतच मागवा.