गुरुत्वाकर्षणाचं किट: कापड झकास, पुस्तिका फसवी

देवगडला घरीच अकरावीच्या शिकवण्या घेते. गुरुत्वाकर्षण आलं की फळ्यावर दोन वर्तुळं काढायची आणि बाण मारायचे, याचा कंटाळा आला म्हणून जूनमध्ये हे किट ऑनलाइन मागवलं. साडेअठराशे रुपये. प्लॅस्टिकची मोठी रिंग, तिच्यावर ताणायला लायक्राचं कापड, पोलादी गोळे, गोट्या, क्लिपा आणि एक पुस्तिका.

आधी क्लिपांचं सांगते. आमच्या खाऱ्या हवेत तीन आठवड्यांत गंजल्या, कापडावर तांबूस डाग. तक्रार केली तर तसल्याच क्लिपांचं दुसरं पाकीट आलं!

कापड मात्र झकास. मधोमध जड गोळा ठेवून कडेने गोटी सोडली की गरगरत आत जाते, आणि भिंतीला टेकून पेंगणारी पोरंही पुढे सरकतात. मग 400 ग्रॅमचा आणि 100 ग्रॅमचा असे दोन गोळे लांब लांब ठेवले. दोन्ही घरंगळत एकमेकांकडे येतात, म्हणून रबरी चकत्यांवर अडवावे लागतात. एकाने विचारलं, "बाई, मधी कोण रवलो तर तो खंय जातलो?"

प्रश्न अगदी नेमका. पुस्तिकेचं उत्तर: बरोबर मध्यावर क्षेत्र शून्य, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी, हाच शून्यबिंदू. आणि शेजारच्या चित्रात एक तारा टपोरा, दुसरा चिमुकला! वस्तुमानं सारखी असतील तरच शून्यबिंदू मध्यावर. एक चौपट जड असेल तर तो मोठ्यापासून दोन तृतीयांश अंतरावर पडतो, कारण दुप्पट लांब गेलं की ओढ चौथाई होते. पोरांनी वहीत दोन ओळींत काढून दाखवलं.

पण कापडावर गोटी ठेवून पाहिलं तर ती जागा लहान गोळ्याकडे आणखी सरकलेली. घर्षणामुळे नेमकी सापडत नाही, तरी कल कळतो. मेख अशी की कापडाचा उतार साधारण अंतराच्याच प्रमाणात ओसरतो, अंतराच्या वर्गाच्या नाही. म्हणजे कापड हे नुसतं सोंग आहे. पुस्तिकेत याबद्दल चकार शब्द नाही.

त्याहून मोठा घोळ पुढच्या पानावर: म्हणे जोडतारे, म्हणजे ओढीने जखडलेले दोन तारे, शून्यबिंदूभोवती फिरतात. फिरतात ते वस्तुमानकेंद्राभोवती, म्हणजे दोघांचा तोल जिथे साधतो त्या बिंदूभोवती. मी व्याधाचं उदाहरण घेते. 8.6 प्रकाशवर्षांवरचा हा तारा एकटा नाही; त्याचा जोडीदार श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा आहे, वस्तुमान जवळपास निम्मं, फेरी साधारण 50 वर्षांची. वस्तुमानकेंद्र मोठ्यापासून एक तृतीयांश अंतरावर, शून्यबिंदू मात्र जवळपास 0.59 वर. दोन वेगळ्या जागा! व्याधाची चाल डुलती आहे एवढ्यावरून जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने 1844 मध्ये न दिसणारा जोडीदार ओळखला. दुर्बिणीतून तो दिसला 1862 मध्ये. जानेवारीत आमच्या अंगणातून रात्री नऊला माडांच्या वर व्याध लखलखतो, तेव्हा पोरांना बाहेर नेऊन हे सांगते. जोडीदार डोळ्यांना दिसत नाहीच, तरी सगळी टक लावून बघतात.

पाचापैकी तीन तारे, तेही कापडाला. स्वतःला विषय येत असेल तर घ्या; मुलाच्या हातात पुस्तिकेसकट देऊन मोकळे होणार असाल तर नको. पुस्तिका मी कपाटावर ठेवली आहे. क्लिपांऐवजी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावते, बारा पुरतात.