डायनाप्लग रेसर : दोघांच्या एमटीबी शर्यतीसाठी पंक्चरचं अवजार

डायनाप्लग रेसर हे तळहातात मावणारं, ॲल्युमिनियमच्या दांडीचं अवजार आहे. दोन्ही टोकांना टोपणं आणि टोपणाखाली एकेक पोकळ नळी. एका नळीत साधा प्लग, दुसऱ्या नळीत त्याहून जाड असलेला मेगा प्लग, दोन्ही आधीच भरून ठेवलेले. प्लग म्हणजे चिकट, रबरी द्रव्यात मुरवलेली दोरी आणि तिच्या टोकाला बसवलेलं छोटं पितळी बोंड. नळी भोकात खुपसायची आणि सरळ बाहेर ओढायची. बोंड टायरच्या आत अडकून राहतं, दोरी भोकात घट्ट बसते. पंक्चर काढण्याची ट्यूबलेस टायरसाठी याहून सोपी पद्धत आजवर दिसलेली नाही. केप एपिकसारख्या जोडीच्या माउंटन बाइक (एमटीबी) शर्यतीला जाणाऱ्या प्रत्येक संघाने दोन रेसर घ्यावेत, प्रत्येकाच्या सायकलवर एक. पण आधी ते नीट वापरायला शिका. नुसतं विकत घेऊन खिशात ठेवलेल्या अवजाराचा मैदानात काडीचा उपयोग होत नाही.

केप एपिक दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये 2004 पासून होते. हल्लीचं स्वरूप प्रोलॉग (सुरुवातीची छोटी शर्यत) आणि सात टप्पे, म्हणजे सलग आठ दिवस. एकूण अंतर साधारण 600 ते 700 किलोमीटर आणि चढाई 15,000 मीटरच्या आसपास. संघ दोघांचा असतो आणि दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं असतं. जोडी तुटली तर वेळेचा दंड बसतो. त्यामुळे एकाचं पंक्चर हे दोघांचं पंक्चर असतं. एकाने सहा मिनिटं वाट पाहिली तर तीही संघाचीच सहा मिनिटं. एकट्याच्या शर्यतीत चालून जाणारी सावकाशी इथे महागात पडते, आणि आठ दिवसांत दोन चाकं गुणिले दोन सायकली म्हणजे चार टायर रोज त्याच खडकांवरून जाणार असतात.

तिथली जमीन दोन प्रकारे टायर खाते. एक म्हणजे काटे. आपल्या माळावरचा सराटा तिथेही रस्त्याच्या कडेला पसरलेला असतो आणि बाभळीच्या जातीतल्या झाडांचे लांब काटेही असतात. काट्याचं भोक बारीक असतं, ते सीलंटचं, म्हणजे टायरच्या आत ओतलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचं, काम आहे. त्यासाठी रेसर बाहेर काढायचीही गरज पडू नये. दुसरं म्हणजे धारदार दगड. उतारावर वेगात असताना दगडाची कड टायरला चिरते, कधी मधोमध, कधी साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला. तीन मिलिमीटरच्या पुढची चीर सीलंटला एकट्याला झेपत नाही. कंपन्या याहून मोठ्या भोकाचे दावे करतात, पण सीलंट नवं असताना आणि हवा कमी असतानाच ते काहीसं खरं ठरतं. 24 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असताना सीलंट भोकातून फवाऱ्यासारखं उडत राहतं आणि टायर रिकामा होतो. रेसरचा खरा उपयोग या तीन ते सहा-सात मिलिमीटरच्या पट्ट्यात आहे.

म्हणूनच आधी सीलंटकडे बघा. 29 इंची, 2.3 ते 2.4 रुंदीच्या टायरला 100 ते 120 मिलिलिटर लागतं. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत त्यातलं पाणी उडून रबराच्या गोळ्या उरतात. चाक कानाजवळ धरून हलवा. आत द्रव डुचमळल्याचा आवाज आला नाही तर प्लगने फार मदत होणार नाही, कारण दोरी आणि भोकाची कड यांतली शेवटची फट सीलंटच भरतं. कोरड्या टायरमध्ये प्लग बसतो, पण कडेने बारीक फुसफुस चालू राहते आणि दहा किलोमीटरवर पुन्हा थांबावं लागतं. शर्यतीच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हचा कोर (आतली बारीक झडप) काढून ताजं भरा.

आता वापर. हवा जाण्याचा आवाज आला की लगेच सायकल आडवी टाकू नका. भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. बऱ्याचदा सीलंट तेवढ्यात काम करून जातं. नाही झालं तर भोक वर आणा आणि टायरमध्ये थोडी हवा असतानाच प्लग मारा. हे फार महत्त्वाचं आहे. टायर पूर्ण बसल्यावर नळी खुपसली तर टायर आत दबतो, नळी शिरत नाही आणि शिरली तर थेट रिमपर्यंत जाते. नळी भोकात काटकोनात धरा, दांडी तळव्यात घट्ट पकडा आणि एका जोरात दाबा. नळी टायरच्या कातडीतून पार झाली की हाताला जोर एकदम हलका झाल्यासारखं कळतं. तिथेच थांबा आणि सरळ मागे ओढा. पिरगाळू नका. दोरीचं शेपूट सेंटिमीटरभर बाहेर राहतं, ते तसंच राहू द्या. घाईत कापताना चुकून मुळापाशी कापलं तर प्लग आत ओढला जातो. चाक फिरवून सीलंट प्लगवर येऊ द्या, मग हवा भरा.

चुका बहुतेक तीन-चार ठिकाणीच होतात. नळी तिरकी खुपसल्यामुळे ती वाकते. पोलादी असली तरी ती बारीक आहे, तरफेसारखी वापरली की गेलीच. जादा नळ्या वेगळ्या मिळतात. एक सामानात ठेवा. दुसरी चूक खोलवर दाबण्याची. पितळी बोंड रिम टेपवर (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) आपटलं तर टेपला भोक पडू शकतं आणि मग हवा स्पोकच्या भोकांतून जाते. बाहेरून पंक्चर सापडतच नाही. टायरमध्ये फोमचा इन्सर्ट असेल तर खोल दाबलेलं बोंड फोममध्ये रुततं आणि प्लग नीट मागे येत नाही, म्हणून इन्सर्ट वापरणाऱ्यांनी हात आणखी हलका ठेवावा. तिसरी चूक साइडवॉलची. तिथली कातडी पातळ असते, टायर चालताना सतत मुडपतो. छोट्या चिरेला प्लग टिकतो, पण मोठ्या चिरेत एकामागोमाग तीन प्लग कोंबण्यात वेळ घालवू नका. दोन मेगा बसूनही हवा जात असेल तर सरळ ट्यूब टाका.

ट्यूब टाकायची वेळ आली तर दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. मारलेला प्लग आधी आतून ओढून काढा, कारण त्याचं पितळी बोंड नव्या ट्यूबला पाच मिनिटांत भोक पाडेल. आणि टायरच्या आतून हातमोजा फिरवा. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंटने बंद केलेले सराट्याचे पाच-सहा काटे निमूटपणे रुतून बसलेले असतात. ट्यूबलेस असताना ते त्रास देत नाहीत, ट्यूबला मात्र एकेक करून फोडतात. चिरेच्या आत टायर बूट (चीर आतून झाकणारा जाड तुकडा) किंवा जुन्या टायरच्या साइडवॉलचा तुकडा ठेवा, नाहीतर ट्यूब फुगून बाहेर डोकावते. ट्यूबलेस व्हॉल्व्हची नट हाताने निघेल इतकीच घट्ट असली पाहिजे. वर्कशॉपमध्ये पक्कडीने आवळलेली नट डोंगरात निघत नाही.

हवेचा हिशेबही आधीच करा. 29 बाय 2.3 च्या पूर्ण बसलेल्या टायरला 16 ग्रॅमच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसाने 22 ते 24 पीएसआय मिळतात, तेही काहीच वाया गेलं नाही तर. 25 ग्रॅमचं काडतूस 35 च्या आसपास नेतं. हलक्या चालकाला 16 चालेल. 75 किलोच्या पुढच्याने 25 चंच घ्यावं. भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, कारण काडतुसातून गॅस बर्फासारखा थंड निघतो आणि व्हॉल्व्ह खाली असेल तर तिथलं सीलंट गोठून कोर तुंबतो. हातमोजा काढू नका, काडतूस बोटांना चिकटतं. सीओटू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, आणि लॅटेक्सच्या सीलंटलाही तो मानवत नाही. त्या संध्याकाळी गॅस सोडून पंपाने साधी हवा भरा आणि 30 मिलिलिटर सीलंट वाढवा. दोघांत मिळून एक छोटा हातपंप हवाच. काडतुसं संपतात, पंप संपत नाही.

स्वस्त पर्याय आहेतच. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकल-कारच्या ट्यूबलेस टायरचं जे किट असतं, टी आकाराचा कानस आणि तपकिरी चिकट पट्ट्या, ते एमटीबीला वापरू नका. तो कानस स्टीलच्या तारा असलेल्या टायरसाठी आहे. 120 टीपीआयच्या (इंचाला 120 धागे) नाजूक कातडीत तो फिरवला की चार मिलिमीटरचं भोक आठ मिलिमीटरचं होतं. सायकलसाठी बनवलेल्या बारीक पट्ट्यांचं किट मात्र चांगलं काम करतं आणि रेसरच्या काही पट कमी किमतीत मिळतं. त्याचा तोटा एवढाच की पट्टी सुईच्या नाक्यात ओवायला लागते, आणि चढावर दमलेल्या, घामाने निसरड्या बोटांनी ते जमत नाही. आधीच ओवून ठेवलेली पट्टी धूळ धरते.

सामुराई स्वॉर्ड हा तिसरा पर्याय. हँडलबारच्या दोन्ही टोकांत लपलेलं हे अवजार श्टेफान झाम या जर्मन चालकाने काढलं. कार्ल प्लाटबरोबर त्याने 2007, 2009 आणि 2010 ची केप एपिक जिंकली होती. हात हँडलवरून उचलला की अवजार हातात, ही त्याची जमेची बाजू. एका टोकात कानस, दुसऱ्यात पट्टी लावलेला काटा. वेगाच्या बाबतीत ते रेसरच्या तोडीचं आहे. फरक असा की पट्टी भोकात धरून राहते ती फक्त चिकटपणावर, तर डायनाप्लगचं बोंड आतून अडकतं. दगडाने पडलेल्या गोलसर भोकात बोंडवाला प्लग जास्त भरवशाचा. लांब, बारीक चिरेत पट्टी बरी, कारण ती दुमडून जास्त जागा भरते. त्यामुळे सगळ्यात चांगली जोडणी म्हणजे दोघांच्याही सायकलला रेसर आणि एकाच्या हँडलमध्ये पट्टीवालं अवजार.

रेसरची उणीव सांगायची तर ती दुसऱ्या पंक्चरनंतर जाणवते. दोन प्लग संपले की नळीत नवीन भरायचा: दोरीचं शेपूट आधी आत, बोंड बाहेर. बाकावर बसून हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गवतात, वाऱ्यात, चिकट बोटांनी बोंडासकट प्लग हातातून निसटतो आणि सापडत नाही. म्हणून जोडीदाराचा रेसर आधी वापरा, भरण्याचं काम पुढच्या पाणी-केंद्रावर करा. दुसरी गोष्ट, दांडीकडे बघून साधा कुठला आणि मेगा कुठला हे घाईत पटकन लक्षात येत नाही. मेगाच्या टोपणावर लाल इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. सायकलला लावताना जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्टीने वरच्या दांड्याखाली आवळून बांधा, म्हणजे ओढलं की निघतं आणि खडखडत नाही. मागच्या खिशात, जेलच्या पाकिटांखाली तो असेल तर शोधण्यातच अर्धा मिनिट जातो.

सराव दोघांनी मिळून करावा. जुना टायर सीलंटसकट फुगवा आणि ड्रिलने तीन, मग पाच मिलिमीटरची भोकं पाडा. कामाची वाटणी पक्की हवी: ज्याचं पंक्चर त्याने सायकल धरून भोक शोधायचं आणि वर आणायचं, जोडीदाराने आपला रेसर काढून प्लग मारायचा, तोवर पहिल्याने काडतूस हेडला (व्हॉल्व्हवर बसणाऱ्या तोंडाला) लावून तयार ठेवायचं. मग भूमिका बदला. एखाद्या खड्या चढानंतर, धाप लागलेली असताना, हातमोजे घालून करा. दीड मिनिटात दोघं पुन्हा पेडल मारत असतील तर तयारी झाली म्हणायची. दोघांच्या सायकलींची चाकं, व्हॉल्व्हची लांबी आणि साखळी एकाच जातीची असेल तर ट्यूब, काडतूस-हेड आणि क्विक लिंक (साखळी जोडणारी कडी) एकमेकांना चालतात. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा) मात्र ज्याचा त्याचा, फ्रेमनुसार.

रोज संध्याकाळी सायकल धुतल्यावर प्रत्येक प्लगवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा. साधा प्लग टायर झिजेपर्यंत टिकतो. मेगा बसवलेली मोठी चीर असेल तर रात्री टायर उतरवा, आतलं वाळलेलं लॅटेक्स घासून काढा, पॅच चिकटवा. पुढच्या उतारावर मन शांत राहतं.

खरेदी करताना मेगा प्लगचं एक आणि साध्याचं दोन पाकिटं जादा घ्या. अवजार आणि प्लग भारतातून न्या, पण सीओटू काडतुसं नेण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांना विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि चेक-इनवर वाद होतो. केप टाउन किंवा स्टेलनबॉशच्या सायकल दुकानात ती सहज मिळतात. आपल्या हेडचे आटे आटेवाल्या काडतुसाचेच आहेत ना, एवढं निघण्यापूर्वी तपासा.