डब्यावर १२००, भोकात १००

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. नाशिकला राहतो, घरातलीच एक खोली ऑफिस. नेटचा प्लॅन २०० एमबीपीएस वेगाचा, पण राउटर हॉलमध्ये आणि मी मागच्या खोलीत, तिथे कसेबसे ४० यायचे. ग्राहकाचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायचा म्हणजे अख्खी रात्र. शेवटी वॉचमननं एक 'राउटरवाला' गाठून दिला.

पोरगा गोड बोलणारा. डब्यावर ठळक १२०० छापलेलं. "दादा, ही बाराशेची मशीन, तुमचा प्लॅन दोनशेचा. आता बघाच." राउटरचे ३,८००, कॉन्फिगर करायचे ७००, आणि 'सिक्युरिटी'चे वर्षाला १,२००. सगळे रोख. बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, ते अजून येतंय. स्पीड टेस्टला ९४ दिसले. चाळीसाचे चौऱ्याण्णव झाले म्हणून मी त्याला चहासुद्धा पाजला!

महिन्याभरात संध्याकाळी सातनंतर नेट रडायला लागलं. तो दोनदा आला, राउटर बंद-चालू केला, "कंपनीकडूनच लोड आहे" म्हणाला आणि दर खेपेला ३०० घेऊन गेला.

दिवाळीला भाचा आला. त्यानं आधी डबा उलटा केला. "मामा, हे वाचलंत?" मागे बारीक अक्षरात पोर्ट (तार खोचायचं भोक) १०/१०० लिहिलेलं, म्हणजे जास्तीत जास्त शंभर एमबीपीएस. १२०० म्हणजे वायफायच्या दोन बँडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) वेगाची बेरीज, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, वर गोळाबेरीज. कंपनीची तार ज्या भोकात जाते तेच शंभराचं. त्यातून ९४-९५च्या वर काही निघत नाही, कितीही कॉन्फिगर करा. म्हणजे अर्धा प्लॅन मी फुकट भरत होतो.

मग त्यानं ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, आणि पान उघडलं. १,२०० रुपयांची सिक्युरिटी ती ही. जोडलेल्या उपकरणांची यादी निघाली: १४. आमची मोजली, टीव्ही धरून पाच. बाकीची नऊ गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर. मी ते कधी सुरू केलं नव्हतं. रिमोट मॅनेजमेंटही चालू, म्हणजे तो घरी बसून माझ्या राउटरमध्ये शिरू शकत होता.

नेट मंदावलं याचं मला तेवढं वाटलं नाही. पण कनेक्शन माझ्या नावावर. २००८च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच घरात पोचले होते. हे आठवलं आणि फराळ घशाखाली उतरेना.

भाच्यानं टाचणीनं रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, ॲडमिनचा आणि वायफायचा पासवर्ड वेगवेगळे ठेवले. वायफायला डब्ल्यूपीए२ सुरक्षा लावली (त्यापुढची डब्ल्यूपीए३ या राउटरला नव्हतीच), डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय), गेस्ट आणि रिमोट मॅनेजमेंट बंद केलं. डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचे) आकडेही तपासले, कारण ते कुणी बदलले तर बँकेचा पत्ता टाकूनही माणूस भलत्याच पानावर जाऊ शकतो. आमचे नशिबानं शाबूत होते. पुढच्या आठवड्यात गिगाबिट पोर्टचा (हजार एमबीपीएसच्या भोकाचा) राउटर पक्क्या बिलावर घेतला, एडिटिंगच्या मशीनला थेट तार ओढली. आता १९०च्या आसपास येतात. राउटरवाल्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. रोख व्यवहार, बिल नाही, काय धरून भांडणार?

ती नऊ उपकरणं कुणाची, हे रीसेटनंतर तासाभरात कळलं. दारावरची बेल वाजली. मागच्या बिल्डिंगमध्ये खोली घेऊन राहणारा, अभ्यासाला आलेला मुलगा.

"काका, वायफाय बंद पडलंय का? त्या दादांना आम्ही प्रत्येकी दीडशे देतो महिन्याला. डिसेंबरपर्यंतचे भरलेत."