छत्रपती आणि पातशहा

दोन्ही बिरुदं एकाच सतराव्या शतकात समोरासमोर उभी ठाकली, पण त्यांची कुळं वेगळी.

पातशहा हे फारसी ‘पादशाह’चं मराठी रूप. बाबराआधी तैमूरच्या वंशजांना, राज्य करत असले तरी, ‘मिर्झा’च म्हणत. १५०७ मध्ये काबूलला असताना बाबराने आपल्याला पादशाह म्हणावं असा हुकूम काढला. म्हणजे भाऊबंदांत मी वरचा, ही त्याची घोषणा. मराठीत मात्र हा शब्द सैलावला: दिल्लीचाही पातशहा, विजापूरचाही.

छत्रपतीची गोष्ट अधिक रंजक. डोक्यावर छत्र धरणं ही सार्वभौमत्वाची फार जुनी खूण. दिल्लीचे सुलतानही छत्र मिरवत, तेव्हा ते काही एकट्या हिंदू राजांचं नव्हतं. पण शिवाजी महाराजांनी त्यालाच बिरुद केलं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर गागाभट्टांच्या हस्ते राज्याभिषेक झाला, नवा राज्याभिषेक शक सुरू झाला. ‘राजा’ ही पदवी तर दिल्लीचा पातशहाही चाकरीतल्या सरदारांना देत असे. छत्रपतीपद कोणी दिलेलं नव्हतं. महाराजांच्या तांब्याच्या ‘शिवराई’ नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’.

माझ्या मते छत्रपतीच सरस. पुढे पेशव्यांच्या हाती सगळी सत्ता गेली, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत.