उभी बाटली की आडवी? मत देण्याआधी

माणसाने कसं जगावं यात सरकारने पडावं का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या गावागावांत मतपत्रिकेवर येतो. एका चौकटीत उभी बाटली, म्हणजे दारूचं दुकान चालू राहावं; दुसरीत आडवी, म्हणजे ते बंद व्हावं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान लागतं आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे निम्मं यादीतल्या एकूण बायकांचं धरतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली किंवा बाळंतपणाला माहेरी असलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

तुमच्या गावात असं मतदान असेल, तर आधी उभ्या बाटलीची बाजू नीट ऐका, ती फक्त पिणाऱ्यांची नाही. दारूबंदीचं कलम ४७ घटनेत येत होतं तेव्हा, नोव्हेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेत कोल्हापूरच्या खर्डेकरांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने विरोध केला होता. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी सांगितलं, की आदिवासींच्या पूजाविधीतच तांदळाच्या दारूला जागा आहे. एकाचं व्यसन ते दुसऱ्याचा नैवेद्य असेल, तर सरकारने कुणाची बाजू घ्यायची? माझ्या मते कुणाचीच नाही. आपल्याकडे मात्र १९४९ च्या कायद्यानुसार प्यायला आजही परवाना लागतो. कुणालाही त्रास न देता घरात दोन घोट घेणाऱ्या सज्ञान माणसाने परवानगी का मागावी, याचं पटेल असं उत्तर मला कधीच मिळालेलं नाही.

चंद्रपूरचा अनुभवही उभीकडेच झुकतो. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. चोरटी दारू वाढली आणि त्या धंद्यात बायका-मुलंही ओढली गेली, असं कारण सरकारने दिलं. बंदीमुळे विषारी दारू येते हा युक्तिवाद मात्र तेवढा भक्कम नाही. गुजरातेत बंदी असताना २०२२ मध्ये बोटादला माणसं मेली हे खरं, पण २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराच्या वर बळी घेतले तेव्हा शहरात दारू उघड मिळत होती.

आता आडवी बाटली. तिच्यासाठी उन्हात रांग लावणाऱ्या बाईला नवऱ्याला संत करायचं नसतं. आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी घरी यावा, रात्री मार बसू नये, पोरीला एसटी स्टँडवरच्या गुत्त्यासमोरून मान खाली घालून जावं लागू नये, एवढंच तिचं मागणं. १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या दारूबंदीवर कडक टीका केली. पण दारू पिऊन एकदा मारहाण केलेल्यावर खास निर्बंध घालायला त्याची हरकत नव्हती, आणि लोकांनी जास्त प्यावं यातच विक्रेत्याचं हित असतं हा धोकाही त्याने ओळखला होता. आपल्याकडे तर दारूवरच्या महसुलातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर रक्कम सरकारच्याच तिजोरीत जाते. परवाना देणारं सरकार तटस्थ आणि तो बंद करणारी बाई तेवढी नीती लादणारी, हे मला मान्य नाही.

म्हणून माझा कौल सांगते. पिण्याच्या परवान्याची सक्ती जावी. जिल्हाभर किंवा राज्यभर बंदी नको, कारण तिथे एका गावाचा त्रास दुसऱ्याच्या घरात घुसायचं निमित्त होतो. पण गावातलं दुकान बंद करायचं मतदान असेल आणि बायका मार खात असतील, तर बेधडक आडवी. मागणीमागे ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ एवढंच कारण असेल, तर उभी.

आडवी जिंकली तर ग्रामसभेत पुढचा ठरावही तेवढाच नीट लिहून घ्या. राळेगणसिद्धीत पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं खुद्द अण्णा हजारेंनी सांगितलं आहे. गाव सुधारलं म्हणून ते योग्य ठरत नाही. दंड, धिंड, वाळीत टाकणं यातलं काहीच ठरावात नको. बायकोवर हात उचलणाऱ्याची तक्रार पोलिसांत नेताना तिच्यासोबत कोण जाईल, हातभट्टी सुरू झाली तर कुणी कळवायचं, आणि सोडायची इच्छा असलेल्याला व्यसनमुक्ती केंद्रात कोण पोचवेल, ही नावं त्याच बैठकीत ठरवा.